गाणारे गुराखी आणि आमचे काका

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागायला संपादक मंडळातील दोघे तरुण डॉक्टर घरी आले, तेव्हा मी 'उतारवयातील रक्तदाब' अशासारख्या एखाद्या विषयावर चार उपयुक्त पाने लिहावीत, अशी त्यांची अपेक्षा होती. रक्तदाब या लेखात आहे. पण तो जरा उशिरा येईल, आणि येईल तो घोड्यावर बसून. वाचकांनी तेवढा धीर धरावा, ही विनंती.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेस गेलो असताना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील ऑट्री संग्रहालय पाहण्याचा योग आला. जीन ऑट्री या नटाच्या पुढाकाराने १९८८ साली ते उभे राहिले. पांढरी टोपी घातलेला एक गोंडस चेहऱ्याचा मनुष्य घोड्यावर बसून गिटार वाजवीत गातो आहे, घोडा आपल्या मालकाच्या सुरावर विश्वास ठेवून संथ चालतो आहे, अशी ती जुनी कृष्णधवल दृश्ये. बरोबरच्या मंडळींना हसू आले. गाणे म्हणत कोणी गुरे वळतो का? मला मात्र हसू येईना. मला दांडिया बाजारातला आमच्या वडिलांचा दवाखाना, त्याच्या दाराशी ठेवलेला लाकडी बाक आणि त्यावर बसून हातातल्या अदृश्य लगामाला हिसके देणारे आमचे काका दिसू लागले.

काका म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ आणि आमच्या दवाखान्याचे कंपाउंडर. लहानपणी आई-वडील गेल्यामुळे ते मुंबईत परळला, गिरणीत काम करणाऱ्या मामाकडे वाढले. वडिलांनी त्यांना बडोद्यास आणले तेव्हा गायकवाडांचे राज्य होते. बाटलीवर कागदाची पट्टी दुमडून, कातरून डोसाच्या खुणा कराव्यात तर काकांनीच. प्रत्येक खूण अगदी मोजून मापून. औषधाच्या पुड्या बांधताना त्यांची बोटे चालत आणि तोंडही चाले. बाकावर खोळंबलेल्या रोग्यांना ते सिनेमा सांगत. 'सांगत' हा शब्द मी जाणून वापरला आहे. परळात असताना चार आण्यांच्या तिकिटावर पाहिलेले स्टंटपट ते आदिपासून अंतापर्यंत, टापांच्या आवाजासह आणि गाण्यांसह सांगत. आपला नंबर आला तरी मराठी-गुजराती रोगी उठेनात. "काका, पछी शुं थयुं?" असा आग्रह चाले आणि आतून वडिलांची घंटा वाजे.

वडिलांना हे मुळीच रुचत नसे. ते ज्या बडोद्यात वाढले ते उस्ताद फैयाज खाँसाहेबांचे बडोदे होते. १९१६ साली पंडित भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती याच शहरात. संस्थानाच्या गायनशाळेत वडील मुलगे असताना संध्याकाळी शिकायला जात, त्यामुळे नोटेशन लिहिणे त्यांना प्रिस्क्रिप्शन लिहिण्याइतके सहज होते. नाटकातली पदे त्यांनी स्वतःच्या हाताने वह्यांत उतरवून ठेवली होती. अशा माणसाच्या दवाखान्यात 'हंटरवाली'! "अरे, हे काय गाणं म्हणायचं की आरडाओरडा?" ते काकांना विचारीत. काका म्हणत, "दादा, तुमचं गाणं बसून ऐकायचं. आमचं पळता पळता ऐकायचं."

आता ही स्टंटपटांची दुनिया काय होती, हे आजच्या वाचकांना थोडे सांगावयास हवे.

बोलपट आला तेव्हा अमेरिकेत सर्वांत मोठी पंचाईत झाली ती घोडेस्वारांची. ध्वनिमुद्रणाची यंत्रे अवजड, मायक्रोफोन एका जागी खिळलेला, आणि नायक तर दऱ्याखोऱ्यांतून दौडणारा. 'इन ओल्ड ॲरिझोना' या चित्रपटाने १९२८च्या अखेरीस उघड्या माळावर आवाज टिपून दाखवला, आणि त्याचा नायक वॉर्नर बॅक्स्टर याला ऑस्कर मिळाले. खरे तर ती भूमिका दिग्दर्शक राउल वॉल्श स्वतःच करणार होता. चित्रीकरणाच्या काळात त्याच्या मोटारीच्या काचेवर एक ससा येऊन आदळला, काच फुटली आणि वॉल्शचा उजवा डोळा गेला. नेत्रतज्ज्ञ मित्रांसाठी ही माहिती मुद्दाम दिली आहे.

त्यानंतर आली महामंदी. प्रेक्षक टिकवण्यासाठी थिएटरवाले एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागले. पहिला मोठा, दुसरा तासाभराचा, स्वस्तातला. हे दुसरे चित्रपट आठवड्या-दोन आठवड्यांत उरकणाऱ्या छोट्या कंपन्या निघाल्या. केन मेनार्ड हा घोडेस्वार नट पडद्यावर गाणी म्हणू लागलाच होता. १९३३च्या 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'त तरुण जॉन वेनलाही गाणारा नायक केले गेले. आवाज मात्र दुसऱ्याचा. म्हणजे पार्श्वगायन ही केवळ आपलीच मिरास नव्हे. मग जीन ऑट्री आला. टेक्सासात जन्मलेला, ओक्लाहोमात रेल्वेचा तारबाबू, रेडिओवर गाणारा. १९३५ साली 'टंबलिंग टंबलवीड्स' निघाला आणि गाणारा काऊबॉय ही एक जातच निर्माण झाली. टेक्स रिटर आला, १९३८ साली रॉय रॉजर्स आला. ऑट्रीच्या घोड्याचे नाव चॅम्पियन, रॉजर्सच्या घोड्याचे ट्रिगर. जाहिरातीत घोड्याचे नाव नायकाच्या खालोखाल छापले जाई. एकट्या ऑट्रीने नव्वदाहून अधिक चित्रपट केले. खेड्यापाड्यांतल्या, शेती बुडालेल्या माणसांना शनिवारी रात्री दुष्टाला ठोसा आणि वर दोन गाणी मिळत. यापेक्षा जास्त त्यांनी मागितले नाही आणि कंपनीनेही दिले नाही.

काऊबॉय म्हणजे शब्दशः गुराखीच. तसे पाहिले तर गाणारा गुराखी ही कल्पना आपल्याला अमेरिकेने शिकवावी अशी नव्हे. भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये (१९३२) शाहू मोडक आणि प्रभातच्या 'गोपालकृष्ण'मध्ये (१९३८) राम मराठे गाई वळीत गातच होते. फरक एवढाच की आपल्या गुराख्याच्या हाती बासरी, पिस्तूल नाही.

पिस्तूल, चाबूक आणि घोडा आपल्याकडे आला तो मूकपटाच्या काळातच. डग्लस फेअरबँक्सचे चित्रपट पाहून आपल्याकडचे तरुण वेडे झाले होते. त्यांतले बिनीचे नाव मास्टर विठ्ठल. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला हा तलवारबहाद्दर मुंबईच्या शारदा कंपनीचा हुकमी नट झाला. पहिल्या बोलपटासाठी, म्हणजे 'आलम आरा'साठी, त्याने ती कंपनी सोडली तेव्हा प्रकरण कोर्टात गेले, आणि विठ्ठलच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर जिना! १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' झळकला. त्यात सात गाणी होती. पण नायकाचे उर्दू उच्चार जमेनात, म्हणून त्याला बराच वेळ गुंगीत ठेवावे लागले, असे चित्रपटांचे इतिहासकार सांगतात. देशाच्या पहिल्या बोलपटाचा नायक, आणि त्याचीच वाचा बंद! त्या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. पुढे 'नेताजी पालकर'सारख्या (१९३९) मराठी चित्रपटांत विठ्ठलला आपली भाषा आणि आपली तलवार दोन्ही परत मिळाली.

काकांचे दैवत मात्र नादिया. ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेली ही मेरी इव्हान्स, सर्कशीतून आणि रंगमंचावरून वाडिया बंधूंच्या वाडिया मूव्हीटोनमध्ये आली. होमी वाडियांनी दिग्दर्शित केलेला 'हंटरवाली' १९३५ साली ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लागला. डोळ्यांवर मुखवटा, हातात चाबूक, 'पंजाब का बेटा' नावाचा घोडा. काका तेव्हा तेरा वर्षांचे होते आणि तो त्यांनी किती वेळा पाहिला याचा आकडा दर वर्षी वाढत असे. दुसऱ्या वर्षी 'मिस फ्रंटिअर मेल'मध्ये नादिया धावत्या आगगाडीच्या टपावर लढली. ही सगळी कामे ती स्वतः करी. वाडियांचा परळचा स्टुडिओ १९४२च्या सुमारास व्ही. शांतारामांनी घेतला आणि तिथे राजकमल उभे राहिले. ज्या आवारात 'शकुंतला' घडली त्याच आवारात आधी चाबूक कडाडत होता, हे काका वडिलांना मोठ्या चवीने ऐकवीत.

आणि तिसरे नाव भगवान दादांचे. भगवान आबाजी पालव, जन्म अमरावतीचा, १९१३चा, वडील गिरणी कामगार, म्हणून काकांना ते आपल्या घरचेच वाटत. 'बहादूर किसान'पासून (१९३८) दहा-अकरा वर्षे त्यांनी कमी खर्चातले स्टंटपट काढले. कपडे कसे असावेत, युनिटला जेवायला काय असावे, सारे स्वतःच पाहत. डमी न घेता उड्या मारीत. या चित्रपटांचे प्रेक्षक कामगार वस्तीतले, आणि समीक्षकांची नजर तिथवर जात नसे. संगीत देणाऱ्यांत एक होते रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, जे अशा चित्रपटांना 'अण्णासाहेब' या नावाने चाली देत. राज कपूरच्या सल्ल्याने भगवान दादांनी सामाजिक चित्रपट करायचे ठरवले आणि १९५१ साली 'अलबेला' आला. सहा वर्षांचा मी काकांच्या मांडीवर बसून तो पाहिल्याचे मला अंधुक आठवते. गाणे सुरू होताच पुढच्या रांगांतून पडद्याकडे नाणी उडत. काकांनीही एक दुवन्नी उडवली आणि घरी जाईपर्यंत हळहळत राहिले.

या दुनियेला दुसरी बाजूही होती. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात ललिता पवारांना थप्पड खाण्याचे दृश्य होते. थप्पड मारणारे नवखे नव्हते, स्वतः भगवान दादाच होते. ती जोरात बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला, तीन वर्षे उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. स्टंटपटांत घोड्यावर बसणारी, गाणारी ती नायिका तिथे संपली आणि आपण ओळखतो त्या 'सासूबाई' सुरू झाल्या. 'अनाडी'मधली (१९५९) त्यांची मिसेस डिसा पाहताना मी अजूनही त्या डोळ्याकडे वैद्यकाच्या नजरेने पाहू शकत नाही. चेहऱ्याचे स्नायू गमावलेल्या बाईने चेहऱ्यावरच पुढची पन्नास वर्षे काढली, याला काय म्हणावे?

असो. रक्तदाबाकडे येतो.

काकांचा रक्तदाब वाढलेला होता. वडिलांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि काका त्या स्वतःच्याच हाताने मोजून कपाटात ठेवीत. शहरभर लोकांना 'डोस चुकवू नका' असे बजावणारा हा मनुष्य स्वतःची गोळी घेत नसे, हे आम्हाला फार उशिरा कळले. १९७१च्या पावसाळ्यात एका सकाळी पुडी बांधता बांधता त्यांच्या उजव्या हातातून कागद गळून पडला. मी तेव्हा शहरातील एका रुग्णालयात रजिस्ट्रार होतो. काकांना माझ्याच वॉर्डात आणले. उजवी बाजू लुळी, आणि वाचा गेलेली. सीटी स्कॅनचे यंत्र तेव्हा इंग्लंडात जन्माला येत होते. आम्ही पाठीतून पाणी काढून पाहिले, त्यात रक्त नव्हते, एवढेच निदानाचे साधन. समजत सर्व होते. डोळे मिटा म्हटले की मिटत. पण 'तुमचे नाव काय' याला उत्तर म्हणून एकच अक्षर पुन्हा पुन्हा येई आणि मग ते डाव्या हाताने गादीवर मूठ आपटीत.

मी दहा दिवस थांबलो. मग केसपेपरवर 'मोटर अफेजिया, सुधारणेची आशा कमी' असे लिहिले आणि बाहेर येऊन काकूंना सांगितले, "काका आता बोलणार नाहीत. त्यांना उगाच बोलायला लावून थकवू नका." काकू त्यांच्याशेजारी बसून हळू आवाजात काही गुणगुणत असत. मी तेही बंद करवले. वॉर्डात शांतता हवी, असा माझा नियम होता. नवी डिग्री, नवा पांढरा कोट. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून सिनेमे दाखवले त्याच्याशी मी शेवटी डॉक्टर म्हणून वागत होतो, याचा मला थोडा अभिमानही वाटत होता. हे लिहिताना आज हात अडखळतो. पण लिहायला हवे.

दोन दिवसांनी सकाळी फिनाइलची बादली घेऊन फरशी पुसणारा कामगार स्वतःशीच 'अलबेला'तले एक गाणे म्हणत होता. मी दाराशी दिसताच तो घाबरून ओळीच्या मध्येच थांबला. आणि ती ओळ काकांनी पुरी केली. शब्दांसकट, सुरांसकट, ठेक्यासकट. मग पुढचीही. अख्खे कडवे. डाव्या हाताची बोटे पलंगाच्या लोखंडी दांडीवर ताल धरीत होती. गाणे संपल्यावर मी विचारले, "काका, तुमचं नाव काय?" पुन्हा तेच एक अक्षर, पुन्हा मूठ.

ज्यांनी मज्जासंस्थेचे विकार शिकले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. बोलता न येणारा एक रोगी प्रार्थनागीते मात्र स्वच्छ गातो, अशी नोंद स्वीडनमध्ये ओलोफ डालिन याने १७४५ सालीच केली होती. ब्रोकाने वाणीचे केंद्र मेंदूच्या डाव्या गोलार्धात दाखवले त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी! सूर उजवा गोलार्ध सांभाळतो, म्हणून तो वाचतो, असे पुढे मानले गेले. १९७३ साली बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी स्वरांच्या आधाराने बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली. अलीकडचे संशोधक सुरापेक्षा लयीला आणि पाठ झालेल्या शब्दांना अधिक श्रेय देतात. वाद मिटलेला नाही. मला १९७१ साली यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि ग्रंथालयात जाऊन शोधावे हेही सुचले नाही. मी हा चमत्कार समजून संध्याकाळी घरी वडिलांना सांगितला.

वडील जेवता जेवता थांबले. म्हणाले, "गाणं येतं ना? मग वाट उघडी आहे. शब्द त्या वाटेनं आत न्यायचे." आणि मग त्यांनी विचारले, "ते गाणं नक्की कुठलं?"

मला ते पुरते येत नव्हते. वडिलांनी त्या रात्री शेजाऱ्यांच्या मुलाला बोलावून त्याच्याकडून ते तीन-चारदा म्हणवून घेतले. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद झाल्यावर ते वॉर्डात आले, काकांच्या उजव्या बाजूला बसले आणि त्या गाण्याच्या मुखड्यावर 'पाणी हवं' एवढे दोनच शब्द बसवून म्हणू लागले. त्रेसष्ट वर्षांचे, गळाबंद कोट घातलेले, खाँसाहेबांच्या मैफलीचे श्रोते. शेजारच्या पलंगावरचे रोगी उठून बसले. काकांनी आधी डोळे विस्फारले. मग ते हसले. चेहऱ्याची उजवी बाजू लुळी असल्यामुळे ते हसू अर्धेच होते. वडील रोज येत राहिले. सव्वीस दिवसांनी काकांनी त्याच चालीत 'पाणी' म्हटले, आणि मग काही आठवड्यांनी चाल गळून नुसता शब्द उरला. माझी सूचना धुडकावून काकू पुन्हा गुणगुणू लागल्या होत्या. मी काही बोललो नाही.

काका पूर्ववत झाले नाहीत. वीस-पंचवीस शब्द आणि नावे परत आली. 'दादा' हा शब्द परत आला. माझे नाव आले नाही. मला ते हाक मारीत तेव्हा त्याच गाण्याचे पहिले दोन सूर लावीत. गोळी मात्र आता दोन्ही वेळा घेत. दवाखान्याच्या बाकावर ते १९८० सालापर्यंत बसले. नवी पोरे येत, त्यांना कोणीतरी सांगितलेले असे की हे आजोबा सिनेमा सांगतात. मग काका डाव्या हाताने लगाम धरीत, मान वाकवून टपावरून येणारा बोगदा चुकवीत, चाबूक हवेत फिरवीत आणि जिथे संवाद हवा तिथे गात. "पछी शुं थयुं?" तीही पोरे विचारीतच.

१९८६ साली वडील गेले. त्यांच्या वह्या आवरताना नाट्यपदांच्या एका वहीत, 'मानापमान'मधल्या पदांनंतर, एक पान मला आढळले. वर 'अलबेला, १९५१' असे शीर्षक. खाली ताल, मात्रा, सम-कालाच्या खुणांसह त्या गाण्याचे काटेकोर नोटेशन. एके ठिकाणी स्वर खोडून दुरुस्त केलेला आणि समासात लिहिलेले : 'इथे तो कोमल लावतो, तसेच ठेवावे.' त्याखाली, दर ओळीच्या स्वरांवर बसवलेले, त्यांच्या वळणदार अक्षरांत : पाणी हवं. भूक लागली. इथे दुखतं. दिवा मालवा. दादा आले.